खडस म्हणजे महसीर कुठं राहतो, कसा वाढतो, आणि शेततळ्यात का सोडू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोरकडच्या एका धरणाच्या फुगवट्याला मिळणाऱ्या ओढ्यात, जूनच्या शेवटी दोन दिवस जोराचा पाऊस झाल्यावर, मोठ्या खवल्यांचा सोनेरी मासा मिळाला. वजन साडेतीन किलो, पोटात अंडी. गावातले म्हातारे म्हणाले खडस आहे, मित्र म्हणाला सिप्रनस (तळ्यात पाळतात तो कॉमन कार्प) आहे. नक्की काय? हा मासा राहतो कुठं, वाढतो किती, आणि पुढच्या वर्षी जिवंत मिळाला तर शेततळ्यात सोडून पैदास करता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, नाही होणार. का नाही ते सांगायला मात्र जरा वेळ लागेल कारण त्याच्यातच या माशाचं सगळं आयुष्य आलं. मी बावीस वर्षं मत्स्यबीज केंद्रात काढली, त्यातली चौदा पावसाळे याच माशाच्या मागं, आणि रविवारी गळ घेऊन नदीवर, त्यामुळं लांबण लागली तर सांभाळून घ्या.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतला मासा खडसच आहे, म्हातारे बरोबर बोलले. सिप्रनस आणि खडस यांच्यात लोक नेहमी गडबडतात कारण दोघांनाही मिशांच्या दोन जोड्या, दोघंही पिवळट. पण सिप्रनसचा पाठीवरचा पर बघा, लांबच लांब, जवळजवळ शेपटीच्या बुडापर्यंत पाठ व्यापतो. खडसचा तो पर आखूड, पाठीच्या मधोमध, तिकोनी शिडासारखा उभा. आणि खवलं मोजा. अंगाच्या बाजूनं मधून जी बारीक ठिपक्यांची रेघ जाते ना, तिच्यावरची खवलं डोक्यापासून शेपटीपर्यंत मोजायची. खडसला पंचवीसच्या आसपास भरतात, सिप्रनसला पस्तीसच्या वर, रोहूला चाळीसच्या वर. एवढ्या मोठ्या अंगावर फक्त पंचवीस खवलं म्हणजे एकेक खवला केवढा असेल बघा, मोठ्या माशाचा खवला रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा भरतो. परांना निळसर झाक असते म्हणून याला निळ्या पराचा महसीर म्हणतात. तुमच्या फोटोत पोटाखालचे पर राखाडी दिसतायत कारण मासा मरून तास दोन तास झाले होते, जिवंत असताना बघितला असता तर निळाई दिसली असती.

नावाची एक गंमत आहे. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. यातलं खुद्री कुठून आलं? आपल्याच लोकांकडून. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची मोजदाद करत फिरत होता, पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांची त्यानं वर्णनं लिहून ठेवली आणि १८३९ मध्ये ती छापली. भोई-कोळ्यांनी जी नावं सांगितली तीच त्यानं लॅटिनमध्ये घुसवली, म्हणून आजही जगभरच्या यादीत कोळस, नुकता, खुद्री असली मराठी नावं थोडीफार मोडून का होईना टिकून आहेत. खडशी, खडस, कुडीस, महाशीर, गावागणिक उच्चार बदलतो. महसीर म्हणजे एकच मासा असंही नाही, हिमालयाकडच्या नद्यांतला सोनेरी महसीर वेगळा, नर्मदा-तापीतला टॉर टॉर वेगळा (मध्य प्रदेशानं महसीरला राज्यमासा केलंय), आणि कावेरीतला कुबडा महसीर तर अगदीच वेगळा, त्याच्याबद्दल पुढं बोलतो. आपला सह्याद्रीचा तो हा खुद्री. भीमा, इंद्रायणी, पवना, मुळा, नीरा, कोयना, कृष्णा, आणि घाटापलीकडं वैतरणा, सावित्री यांच्या खोऱ्यांतही.

आता राहतो कुठं. जागा ऋतूप्रमाणं बदलते हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण बरेच जण एप्रिलमध्ये जिथं दिसला तिथंच ऑगस्टमध्ये शोधतात.

उन्हाळ्यात खडस डोहात असतो. कोकणात कोंड म्हणतात त्याला. नदी आटून नुसते खडक उरतात, मधेमधे दोन-तीन पुरुष खोल डोह राहतात, तळाला मोठाले धोंडे, कपारी, काठाला उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज झुकलेले. वरचं पाणी तापलं तरी खाली थंड, म्हणून मोठे मासे दुपारी तळाला जाऊन बसतात आणि सकाळी-संध्याकाळी डोहाच्या तोंडाशी येतात, जिथं थोडंफार पाणी पडत असतं आणि त्यामुळं प्राणवायू जास्त असतो. खाण्याच्या बाबतीत हा फार चोखंदळ नाही. शेवाळ, पाण्यातले किडे, कोळंबी, बारके मासे, खेकडे, गोगलगायी, आणि वरून पडलेली फळं. जबड्यात दात नाहीत पण घशात आहेत, तीन ओळींत, त्यांनी शिंपला असा चिरडतो की कर्रकन् आवाज यावा. गळ काढायला घशात बोट घालू नका हे सांगायचं राहून जातं म्हणून आत्ताच सांगितलं.

उंबराचं मी स्वतः बघितलंय. मे महिना होता, एका डोहावर सकाळी सातला बसलो होतो, गळ टाकायच्या आधी नुसतं बघत. वर उंबर लगडलेला, हरियाल पक्ष्यांचा थवा खातोय आणि निम्मी फळं खाली पाडतोय. पहिलं फळ पडलं, टपक्, काही नाही. दुसरं पडलं. तिसरं पाण्याला टेकायच्या आत खालून एक सावली वर आली, गोल तोंड नळीसारखं पुढं आलं, फळ गेलं, आणि पाण्यावर नुसता वर्तुळाचा शिक्का राहिला. पुढचा पाऊण तास तसंच चाललं होतं. पाच-सहा मासे त्या एका फांदीखालची जागा सोडायला तयार नव्हते, आणि पक्षी उडाले तसे दहा मिनिटांत तेही गेले. तेव्हापासून कुणी नदीकाठची झाडं तोडून घाट बांधायचं म्हणालं की मला आधी ती फांदी आठवते. काठचं झाड म्हणजे या माशाचं ताट आहे, सावली तर आहेच.

जून लागला, वळीव होऊन मोसमी पाऊस सुरू झाला, ओढे वाहते झाले, की खडस डोह सोडतो. हीच ती चढण. कोकणातली मंडळी वलगण म्हणतात, घाटावर चढणीचे मासे म्हणतात, आणि दोन्हीकडं टोपल्या, जाळी, बत्त्या घेऊन रात्री माणसं ओढ्यावर जातात ते मी लहानपणापासून बघतोय, मीही गेलोय, वास्तविक मजा असते. पण वर कशाला चढतो तो? पाण्याचं तापमान उतरलेलं असतं, ताज्या पाण्यात प्राणवायू भरपूर, वेग वाढलेला, आणि या सगळ्याचा इशारा मिळून माशाच्या अंगात अंडी पिकतात. त्याला अंडी घालायला जागा हवी असते ती ठराविक, गुडघाभर किंवा कमरेएवढं वाहतं स्वच्छ पाणी आणि खाली गोटे-खडी. चिखल नको, नुसती वाळूही नको. ती जागा डोहात नसते, वर ओढ्याला असते. धरण असेल तर मासा फुगवट्यातून वर येणाऱ्या ओढ्यात शिरतो, तुम्हाला मिळाला तो असाच निघाला होता.

म्हणजे तुमच्या हाती आलेली मादी बाळंतपणाला माहेरी निघालेली होती. राग मानू नका, टोमणा नाही, हिशेब सांगतोय. या माशाला किलोमागं साधारण सहा ते दहा हजार अंडी असतात. साडेतीन किलोची मादी म्हणजे वीस ते पस्तीस हजार. ऐकायला खूप वाटतात ना? रोहू-कटलाला किलोमागं लाख दोन लाखांच्या वर अंडी असतात. म्हणून रोहूच्या चार माद्या पकडल्या तरी तलावाला कळत नाही आणि खडसच्या चार गेल्या तर छोट्या ओढ्याचा एक पावसाळा रिकामा जाऊ शकतो. बरं, खडस सगळी अंडी एकदम टाकत नाही, जुलै ते सप्टेंबरमध्ये टप्प्याटप्प्यानं टाकते, पाण्याची एक चढ आली की थोडी, दुसरी आली की थोडी. यात तिचं शहाणपण आहे, एका पुरात खडी वाहून गेली तरी सगळंच जात नाही. पण पहिल्याच चढणीला ती पकडली गेली तर सगळेच हप्ते बुडाले.

अंडी कशी दिसतात ते सांगतो कारण फार कमी लोकांनी नीट बघितलीत. अडीच-तीन मिलिमीटरची, साबुदाणा भिजायच्या आधी असतो साधारण तेवढी, रंग मात्र सोनेरी, लिंबाच्या पिवळ्यापासून मधासारख्यापर्यंत. रोहूची अंडी पाण्यात फुगतात आणि प्रवाहाबरोबर तरंगत-लोळत जातात, ही जड असतात, खाली बसतात, गोट्यांच्या फटीत जाऊन. रोहूचं पिल्लू चौदा-अठरा तासांत बाहेर. खडसला साठ ते ऐंशी तास लागतात, पाणी गार असेल तर त्याहून जास्त. अडीच ते साडेतीन दिवस ते अंडं खडीत पडून राहणार आणि तेवढा वेळ त्याच्या भोवतीनं स्वच्छ पाणी खेळतं राहिलं पाहिजे. गाळ बसला की आतला जीव गुदमरतो. डोंगरउतारावर जेसीबीनं रस्ता काढला, माती ओढ्यात आली, की वरून बघणाऱ्याला नुसतं पाणी लाल दिसतं, खाली काय झालं ते दिसत नाही.

गाळाचा धडा मी स्वतःच्या चुकीनं शिकलोय. केंद्रात आम्ही चढणीला आलेल्या माद्या पहाटे जाळ्यातून घ्यायचो. ओल्या फडक्यात मादी धरायची, एकानं शेपटीकडून, एकानं डोक्याकडून, आणि पोटावरून अंगठा हलक्या हातानं मागं आणायचा. पिकलेली असेल तर जोर लावावाच लागत नाही, अंडी धारेनं कोरड्या ट्रेत पडतात, मोती ओघळल्यासारखी. जोर लावावा लागला तर समजायचं अजून वेळ आहे, सोडून द्यायची. मग वरून नराचं दूध (म्हणजे वीर्य) पिळायचं, कोंबडीच्या पिसानं हलकेच ढवळायचं, पिसानंच, चमच्यानं नाही, थोडं पाणी घालायचं, दोन-चार मिनिटांनी धुवायचं आणि जाळीच्या ट्रेत एकेरी थर पसरायचा. वरून पाणी सतत चालू. एका जुलैत दिवसभर असाच कारभार करून चाळीस हजारांच्या आसपास अंडी ट्रेत लावली, रात्री पाऊस कोसळायला लागला, वाळूचा फिल्टर उपसून धुवायची पाळी माझी होती, आणि मी म्हटलं सकाळी बघू. सकाळी ट्रेवर तांबड्या मातीची साय धरलेली. वरवर अंडी ठीकच वाटत होती. दुपारपर्यंत एकेक पांढरं पडायला लागलं, मेलेलं अंडं पांढरं अपारदर्शक होतं, मग त्याच्यावर कापसासारखी बुरशी येते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्याला मिठी मारते. दोन दिवस आम्ही चिमट्यानं पांढरी अंडी वेचत होतो. पाच हजारसुद्धा हाती लागली नाहीत. एका रात्रीची झोप. तेव्हापासून पावसाळ्यात अंथरूण ट्रेच्या शेजारीच.

अंड्यातून निघाल्यावर पिल्लू पोहत नाही हे लोकांना खोटं वाटतं. पोटाला जर्दीची मोठी पिशवी असते, तिच्या वजनानं ते तळाला आडवं पडून राहतं, आणि उजेडापासून पळतं. ट्रेत बघाल तर सगळी पिल्लं अंधाऱ्या कोपऱ्यात एकावर एक ढीग करून बसलेली दिसतात, टॉर्च मारली की ढीगच सरकतो. नदीत हेच काम गोट्यांखालच्या फटी करतात. सहा ते दहा दिवस असे जातात, पिशवी संपते, मग ते उठून पोहायला लागतं आणि बारीकसारीक किडे, प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खायला लागतं. म्हणजे अंडं पडल्यापासून जवळजवळ दोन आठवडे या जिवाला पळता येत नाही. या दोन आठवड्यांत कुणी ट्रॅक्टर ओढ्यात घालून खडी भरली तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. मला विचाराल तर खडसला सगळ्यात जास्त नुकसान गळवाल्यांनी केलेलं नाही, जाळेवाल्यांनीही नाही, खडी-वाळू उपशानं आणि बांधांनी केलंय. जिलेटिनच्या कांड्या आणि ब्लीचिंग पावडर टाकणारे तर मी माणसात धरतच नाही. पूर्वी गेळफळ ठेचून टाकायचे, त्यानं मासे झिंगून वर यायचे, ते एका डोहापुरतं होतं. कांडी फुटली की डोहातलं लहान-मोठं सगळंच जातं, वर येतं त्यापेक्षा तळाला जास्त राहतं.

पुढं पिल्लं उथळ काठाला, कडेच्या गवता-गोट्यांत राहतात, पाऊस ओसरून पाणी नितळलं की हळूहळू खाली सरकतात आणि हिवाळ्याच्या तोंडाला डोहात पोचतात. तेव्हा जेमतेम बोटाएवढी. नर लवकर वयात येतो, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, मादीला त्याहून एखादं वर्ष जास्त लागतं. नरांच्या गालावर पावसाळ्यात बारीक खरखरीत पुळ्या येतात, हात फिरवला की सॅंडपेपरसारखं लागतं. तुमच्या साडेतीन किलोच्या मादीचं वय नुसत्या फोटोवरून सांगणार नाही, पण बहुतेक ती त्या ओढ्याला पहिल्यांदा आली नव्हती. किती वाढतो याचं उत्तरही पाण्यावर आहे. चांगल्या डोहात पाच-सात किलोचे मासे मी पाहिलेत. जुन्या शिकाऱ्यांच्या गोष्टीतले पन्नास किलोचे महसीर खुद्री नव्हेत. कबिनी नदीत १९४६ मध्ये व्हॅन इंगेन यांनी गळाला लावलेला १२० पौंडांचा मासा नेहमी सांगतात, तो कावेरी खोऱ्यातला कुबडा.

आणि इथं ती कावेरीची गोष्ट येते, जी शेततळ्याच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे.

लोणावळ्याला वळवणच्या तलावाशेजारी टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या सुमारास महसीरची हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं तयार करायचं केंद्र, चालू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि नंतर ओगले यांनी या माशाची कृत्रिम पैदास बसवून दाखवली, ते काम खरोखर मोठं आहे, आज आम्ही जे पिसानं ढवळतो, ट्रेत लावतो ते सगळं तिथून शिकलेलं. ओल्या कापसात गुंडाळून अंडी लांब पाठवायची युक्तीही तिथलीच, पाण्याच्या पिशव्या नकोत, वजन नाही, चोवीस तास अंडी नीट राहतात. तिथून देशभर बीज गेलं. कावेरीतही गेलं, चांगल्या हेतूनंच, नदीत महसीर कमी झालाय तर भर घालू. त्या वेळी महसीर म्हणजे महसीर, एवढंच लोक बघत होते. पुढं काय झालं, आपला खुद्री तिथं जोमानं वाढला आणि तिथला मूळचा कुबडा दिसेनासा होत गेला. तिथल्या गळ-कॅम्पांवर मासा पकडून, नोंद करून सोडून द्यायची पद्धत होती, त्या वह्यांतूनच हे बाहेर आलं, निळ्या पराचे वाढतायत आणि कुबडे कमी होतायत. कुबड्याला धड शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं, २०१८ मध्ये ते निश्चित झालं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त ठरला. वाळूउपसा, धरणं, कांड्या हेही तिथं होतंच, सगळा दोष खुद्रीच्या माथी मारायचा नाही. पण बाहेरून आणून सोडलेला मासा मदतीला न येता वाटेकरी झाला हे खरं. आपला खुद्री मात्र मधल्या काळात संकटग्रस्त यादीतून बाहेर आला, आता त्याच्या नावापुढं फारशी चिंता नाही असा शिक्का आहे. शिक्का सगळ्या दख्खनचा आहे, तुमच्या ओढ्याचा नाही.

तर शेततळं. तुमचं शेततळं प्लास्टिक अंथरलेलं असणार, उभं पाणी, तळाला शेवाळ, उन्हाळ्यात पाणी तापणार, पहाटे प्राणवायू अगदी कमी होणार. मोठी मादी बादलीतून आणून त्यात सोडली तर बहुतेक दोन दिवसांत पोट वर करेल, कारण आणतानाच तिची खवलं आणि चिकट थर निघालेला असतो. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली तर जगतील, वाढतीलही, पण हळू. कटला वर्षात किलोला टेकतो, हा त्याच्या निम्म्यालाही येत नाही. आणि अंडी? अंडी पिकायला वाहतं पाणी, चढ, गारवा लागतो, त्यातलं शेततळ्यात काहीच नाही. हॅचरीवालेसुद्धा तळ्यातल्या माद्यांना इंजेक्शन देऊन, फवारे लावून, कसंबसं जमवतात. म्हणजे पैदास शून्य आणि वर पाऊस जास्त झाला, शेततळं फुटलं, की त्याच्यात जे काही असेल ते ओढ्याला. खडस असता तर एक वेळ ठीक म्हटलं असतं, पण त्या तळ्यात तिलापी किंवा आफ्रिकन मागूर असले परदेशी मासे असतील तर खडसच्या पिल्लांच्या उशाशीच वाघ नेऊन सोडल्यासारखं. मागूरवर २००० पासून बंदी आहे, तरी बाजारात पिंपं भरून दिसतो. शेततळ्यात पैसे करायचे असतील तर सरळ कटला, रोहू, मृगळ घ्या, सरकारी केंद्रातून बोटुकली मिळतात, पावती घ्या, बीज मोजून घ्या, पुड्यातले निम्मे मेलेले निघाले तर तिथंच बोला, घरी आल्यावर कोणी दाद देत नाही.

मग खडससाठी काही करायचंच असेल तर? डोह सांभाळा. आपल्याकडं हे लोकांनी न शिकवता केलेलं आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, देवीचा कोंड, तिथले मासे कोणी मारत नाही, लाह्या-कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे खडस अंगाला अंग घासत वर येतात. वाडा गावाजवळ तिळसेला वैतरणेवर तसंच. देहूला इंद्रायणीच्या ज्या डोहात तुकोबांची गाथा तरंगली म्हणतात तिथंही माशाला हात लावत नाहीत. दक्षिणेत शृंगेरीला तुंगेच्या काठी तेच. मी फार देवभोळा नाही, पण बावीस वर्षांत हॅचरीनं जेवढे मोठे प्रजननक्षम मासे राखले नसतील तेवढे या चार-दोन देवांनी राखलेत हे कबूल करावं लागतं. फक्त एक गोष्ट, देवाचा डोह राखला तरी वरचं पाणी राखलं नाही तर उपयोग नसतो. आळंदीला इंद्रायणीवर फेस येतो तो कुठल्या मंत्रानं जात नाही. आणि डोह राखून वरचा ओढा बंधाऱ्यानं बंद केला तर मासा म्हातारा होऊन डोहातच मरतो, मागं पिल्लू नाही.

तुमच्या गावात करता येण्यासारखं म्हणजे, त्या ओढ्याचा फुगवट्यापासून वरचा अर्धा-पाऊण किलोमीटर, जून ते सप्टेंबर, जाळं नाही, टोपली नाही, खडी नाही. एवढं ग्रामसभेत ठरवता आलं तर बघा. चढणीचे मासे खायचेच असतील तर मुऱ्या, मळ्या, बारकं काय मिळेल ते खा, मोठ्या खवल्याचा सोडा. एकदम सगळ्यांना बंद करा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, मीही ऐकलं नसतं विशीत. सिमेंटचा बंधारा घालायचा विषय निघाला तर कडेला दगडांची उतरती पायरी ठेवायला सांगा, मासा उडी मारून भिंत चढत नाही पण पायऱ्यापायऱ्यानं पाणी येत असेल तर चढतो. इंजिनियर हसेल, हसू द्या.

आणि पुढच्या वेळी गळाला लागलाच तर, गळाचा काटा आधीच पकडीनं दाबून सपाट केलेला असू द्या म्हणजे तोंड न फाडता निघतो. हात ओले करा. कोरड्या हातानं धरला की अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथं बुरशी बसते, ट्रेतल्या अंड्यावर बसते तीच. काठाच्या वाळूत लोळवू नका, कल्ल्यात बोटं घालून लटकवून फोटो तर अजिबात नको, पोटात अंडी असतील तर सगळा भार त्यांच्यावर येतो. पाण्यातच आडवा धरून एक फोटो काढा, पाठीचा पर उभा दिसेल आणि खवलं मोजता येतील असा, आणि तो मला पाठवा. सोडताना तोंड प्रवाहाकडं करून एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या बुडाशी, असा धरून ठेवायचा. ढकलायचा नाही. दमलेला असतो, मिनिट दोन मिनिटं कल्ले हलवत तसाच राहील, दम परतला की शेपटीची एक जोरात लागते मनगटाला आणि मग धरायचं म्हटलं तरी धरता येत नाही.